संकल्पातील १९७ कोटी वर्षे

वरकुटे हे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील गाव. तालुक्याच्या उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा. अशा गावात वास्तुशांत असो वा सत्यनारायण, पूजेच्या आरंभी यजमान हातात पाणी घेतो आणि गुरुजी संकल्प सांगू लागतात. बहुतेकांचे लक्ष तेव्हा शिऱ्याच्या प्रसादाकडे असते. पण हा संकल्प म्हणजे एक पत्ता आहे, काळाचा आणि स्थळाचा.

ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, सातवे म्हणजे वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, त्यातील कलियुग, कलियुगाचा पहिला चरण. मग जंबुद्वीप, भरतखंड आणि महाराष्ट्रात बहुधा गोदावरीचे दक्षिण तीर. (गोदावरी वरकुट्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर वाहते, पत्त्यात मात्र नदी तीच.) शेवटी शालिवाहन शक, संवत्सर, तिथी, वार आणि यजमानाचे गोत्र. ब्रह्मदेवाच्या आयुष्यापासून निघालेले वाक्य एका घराच्या ओसरीवर येऊन थांबते.

हा पत्ता आकड्यांत मांडता येतो. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचे. अशी एक हजार महायुगे म्हणजे एक कल्प, ब्रह्मदेवाचा एक दिवस : ४३२ कोटी वर्षे. त्यातील सहा मन्वंतरे, त्यांचे संधिकाल, सातव्या मन्वंतराची २७ महायुगे आणि चालू महायुगाचा आजवरचा भाग मिळवला, की या कल्पाची उलटलेली वर्षे निघतात : सुमारे १९७ कोटी २९ लाख ४९ हजार. एवढे लक्षात ठेवले तरी पुढचा प्रवास सोपा होईल.

समाजमाध्यमांवर फिरणारा संदेश मात्र हा आकडा घेत नाही. तो ४३२ कोटी घेतो, शेजारी पृथ्वीचे आजचे शास्त्रीय वय म्हणजे ४५४ कोटी ठेवतो आणि ‘आपल्या ऋषींना सर्व ठाऊक होते’ असा निकाल देतो. कार्ल सेगन याच्या १९८० च्या ‘कॉसमॉस’ मालिकेचा दाखलाही जोडला जातो. हे साम्य योगायोगाचे आहे असे सेगनने त्याच ओघात म्हटले होते, ते शब्द तेवढे गाळले जातात. ४३२ आणि ४५४ यांतील फरक २२ कोटी वर्षांचा आहे. त्यात डायनोसॉरांचा सारा कालखंड मावतो.

पण मोठी चूक ही नव्हे. ४३२ कोटी हे ब्रह्मदेवाच्या संपूर्ण दिवसाचे माप आहे, उलटलेल्या काळाचे नाही. सायंकाळ व्हायला अजून निम्म्याहून अधिक दिवस बाकी आहे. परंपरेच्या स्वतःच्या हिशेबाने या सृष्टीला झाली १९७ कोटी वर्षे. ब्रह्मदेवाचे आयुष्य मोजायचे तर पन्नास वर्षांत १५५ लाख ५२ हजार कोटी मानवी वर्षे सरली. आधुनिक विश्वशास्त्र विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानते. या तीन आकड्यांपैकी कोणताही दुसऱ्याशी जुळत नाही. जो माणूस शास्त्रांचा अभिमान सांगतो, त्याने निदान शास्त्रातला योग्य आकडा तरी उचलावा, एवढी अपेक्षा फार नाही.

आता इतिहासातील एक विलक्षण वळण. १९२९ साली एडविन हबल याने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात असल्याचे आणि जितके अंतर अधिक तितका वेग अधिक असल्याचे दाखवले. त्याच्या मोजमापानुसार दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, वेग सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटरने वाढत होता. हे प्रसरण साध्या भागाकाराने उलटे फिरवले, तर सर्व दीर्घिका एकत्र कधी होत्या याचे उत्तर मिळते. १९२९ च्या आकड्यांनी ते येते सुमारे १९६ कोटी वर्षे.

१९६ आणि १९७! संकल्पातील आकडा आणि त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण यांच्यात एक टक्क्याचेही अंतर नव्हते. १९३५ साली आजच्यासारखे भ्रमणध्वनी असते, तर हा संदेश घराघरांत पोहोचला असता आणि तो खोडून काढणे त्या घडीला कोणत्याही प्राध्यापकाला अवघड गेले असते.

मग हा मेळ मोडला. तो मोडणार याची चिन्हे आधीच होती. खडकांतील युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून आर्थर होम्स यांनी १९४० च्या दशकात पृथ्वीचे वय ३०० कोटी वर्षांहून अधिक काढले होते. आईपेक्षा लेक वयाने मोठी, असा हा प्रकार. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले, तेव्हा त्या काळोखाचा लाभ घेऊन वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनवरून देवयानी दीर्घिकेतील तारे वेगवेगळे टिपले आणि ताऱ्यांचे दोन गट असल्याचे ओळखले. पुढे ध्यानात आले की अंतर मोजण्यासाठी वापरले जाणारे सेफीड ताऱ्यांचे मापच चुकलेले आहे. १९५२ च्या सप्टेंबरात रोम येथे आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या अधिवेशनात बाडे यांनी हे जाहीर केले. विश्वातील अंतरे दुप्पट झाली. वयही दुप्पट झाले. १९५८ पर्यंत अॅलन सँडेज यांच्या मोजमापांनी ते हजार कोटींच्या आसपास गेले.

संकल्पातला आकडा जागेवरच राहिला. तो हलण्यासाठी कधी बनलाच नव्हता.

भारतीय ज्योतिषांनी कल्पाचे माप कशासाठी घेतले, हे पाहिले की याचा उलगडा होतो. सर्व ग्रह एका बिंदूपासून एकदम निघाले आणि पूर्ण फेऱ्या करून पुन्हा त्याच बिंदूवर आले, असे मानले तर गणित सुटसुटीत होते. त्यासाठी पुरेसा मोठा काळ हवा. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने कल्प घेतला तो असा. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिणारे भास्कराचार्य त्याच वाटेने गेले. परंपरेत एकमतही नव्हते. ४९९ च्या सुमाराचा आर्यभट चारही युगे समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांची धरतो आणि ब्रह्मदेवाचा दिवस १,००८ युगांचा मानतो. स्मृतींना सोडून वागल्याबद्दल ब्रह्मगुप्ताने त्याला बोल लावले आहेत. ‘सूर्यसिद्धांत’ तर सृष्टी रचण्यात ब्रह्मदेवाची गेलेली १ कोटी ७० लाख ६४ हजार वर्षे वजा करूनच ग्रहांची गती धरतो. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ सालचा. या साऱ्या मतभेदांचा शोध घेऊ इच्छिणाऱ्याने तिथूनच आरंभ करावा. पूर्वज एका सुरात बोलत होते, ही समजूत पूर्वज न वाचल्याने होते.

ही ओढ केवळ भारतीय नाही. बाडे यांनी ज्या रोममध्ये विश्वाचे वय दुप्पट केले, त्याच रोममध्ये दहा महिन्यांपूर्वी, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप बारावे पायस यांनी धर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले होते. विश्वाला आरंभ होता असे आधुनिक विज्ञान सांगते आणि म्हणून निर्मात्याच्या अस्तित्वाला त्याचा दुजोरा मिळतो, असा त्या भाषणाचा रोख होता.

या भाषणाने सर्वाधिक अस्वस्थ झाला तो एक पाद्रीच. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि त्याच वेळी गणिती. विश्व प्रसरण पावत असल्याचे समीकरणांतून त्यांनी १९२७ मध्येच, हबलच्या आधी दोन वर्षे, मांडले होते. त्यांचे गणित बरोबर आहे पण भौतिकदृष्टी असह्य आहे, असे तेव्हा खुद्द आइन्स्टाइन त्यांना म्हणाले होते. १९३१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकातील एका छोट्या पत्रात लमेत्र यांनी विश्वाचा आरंभ एकाच आदिम अणूपासून झाला असावा अशी कल्पना मांडली. पुढे जिला महास्फोट म्हटले गेले, तिचे मूळ येथे आहे. म्हणजे पोप महाशय ज्याच्या सिद्धांताचा आधार घेत होते, तो मनुष्य त्यांच्याच धर्मसंस्थेतील होता. आणि त्याला तो आधार नको होता.

१९५२ च्या अधिवेशनासाठी पोप पुन्हा बोलणार हे कळताच लमेत्र यांनी पोपच्या विज्ञानविषयक सल्लागाराची गाठ घेतली. ७ सप्टेंबर १९५२ च्या भाषणात तो दावा पुन्हा आला नाही. लमेत्र यांची भूमिका स्पष्ट होती : आदिम अणूची कल्पना कोणत्याही धार्मिक प्रश्नाच्या बाहेर आहे, जडवाद्याला ती ईश्वर नाकारायला मोकळीक देते आणि श्रद्धावंताला ईश्वराशी नको ती सलगी करू देत नाही. श्रद्धेचे रक्षण करण्यासाठी श्रद्धेच्या बाजूचा पुरावा परत करणारा हा माणूस विसाव्या शतकाच्या धर्मेतिहासात फारसा आठवला जात नाही. जायला हवा होता.

नास्तिकांची बाजूही निर्मळ नव्हती. १९४७ मध्ये सोव्हिएत संघात आंद्रेई झ्दानोव्ह यांनी लमेत्र यांच्या अनुयायांवर टीका केली. शून्यातून जग निर्माण झाल्याची जुनी कथा हे लोक पुन्हा जिवंत करत आहेत, असा आक्षेप होता. तिथे सत्तेचा मतप्रवाह ‘आरंभ नाही’ असा होता, म्हणून आरंभ सांगणारे विज्ञान संशयास्पद ठरले. इंग्लंडमध्ये फ्रेड हॉयल यांनी १९४८ साली हर्मन बाँडी आणि टॉमी गोल्ड यांच्यासह ‘स्थिर स्थिती’चा सिद्धांत मांडला : विश्व प्रसरण पावते, मोकळ्या झालेल्या जागेत नवे द्रव्य सावकाश निर्माण होते, आणि म्हणून विश्व सदैव सारखेच दिसते. आरंभ नाही, अंत नाही. पृथ्वी विश्वाहून वयस्कर निघण्याच्या अडचणीतून सुटका, हे त्याचे एक सबळ कारण होते. हॉयल यांना आरंभाच्या कल्पनेला येणारा बायबलचा वासही आवडत नसे, हेही खरे. २८ मार्च १९४९ रोजी बीबीसीवरील भाषणात प्रतिपक्षाच्या सिद्धांतासाठी त्यांनी ‘बिग बँग’ हे शब्द वापरले. नाव विरोधकाने दिले आणि तेच टिकले.

याच हॉयल यांच्याकडे १९६० मध्ये संशोधनासाठी दाखल झाला तो कोल्हापूरात जन्मलेला आणि बनारसला वाढलेला एक तरुण. जयंत विष्णू नारळीकर. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षतावादाचे अभ्यासक. आई सुमती संस्कृत जाणणाऱ्या. सापेक्षता आणि संस्कृत एकाच घरात.

फेब्रुवारी १९६१ मध्ये केंब्रिजच्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ स्रोतांची मोजणी जाहीर केली. दूरचे, अंधुक स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त होते. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. तेव्हा विश्व पूर्वी वेगळे होते, स्थिर स्थिती चूक, असा त्याचा अर्थ लावला गेला. लंडनच्या सायंदैनिकांनी बायबलच खरे ठरले अशा अर्थाचे मथळे दिले. राइल यांच्या निष्कर्षांना उत्तर देण्याच्या कामात हॉयल यांच्या बरोबरीने उतरले नारळीकर, वयाच्या बाविसाव्या वर्षी. त्यांच्या प्रतिवादात बायबलही नव्हते आणि पुराणेही नव्हती. दीर्घिकांचे मोठे समूह मोजणीवर कसा परिणाम करतील याचे गणित होते.

निकाल दिला तो अमेरिकेतील एका कर्ण्याच्या आकाराच्या अँटेनाने. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना १९६४ मध्ये प्रत्येक दिशेने सारखाच येणारा एक क्षीण गुंजारव सापडला. अँटेनात राहणाऱ्या कबुतरांना हुसकावले, त्यांची घाण साफ केली, तरी तो जाईना. १९६५ मध्ये त्याचा अर्थ प्रसिद्ध झाला : विश्व कधीकाळी अतितप्त आणि अतिदाट होते, त्या अवस्थेची ही उरलेली ऊब. लमेत्र यांचा मृत्यू २० जून १९६६ चा. ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. बहुसंख्य शास्त्रज्ञांसाठी वाद तिथे मिटला.

नारळीकर यांच्यासाठी मिटला नाही. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व दीर्घकाळ प्रसरण पावत असतानाच आकुंचन-प्रसरणाची आवर्तने करते. एकेक आवर्तन चार-पाच हजार कोटी वर्षांचे. आरंभ अर्थातच नाही. पुराव्यांच्या कसोटीवर तो टिकला असे बहुतेक विश्वशास्त्रज्ञ मानत नाहीत, आणि पार्श्वप्रारणाची पुढची मोजमापे पाहता त्यांचेच म्हणणे सबळ वाटते. नारळीकर हा खटला हरले असे म्हणण्यात त्यांचा अपमान नाही.

पाहण्याजोगे आहे ते हे, की अनादि, आवर्तनशील विश्व सांगणाऱ्या मराठी शास्त्रज्ञाला या देशात टाळ्या मिळवणे किती सोपे होते. एका व्याख्यानात ब्रह्मदेवाच्या दिवस-रात्रीशी आवर्तनांची सांगड घातली असती तर पुरले असते. त्यांनी आधार शोधला तो निरीक्षणांत. पुण्यात १९८८ मध्ये ‘आयुका’ उभी केल्यावर, प्राचीन ग्रंथांत आधुनिक विज्ञान असल्याच्या दाव्यांना ते पुरावा मागत राहिले. २००१ मध्ये विद्यापीठांत फलज्योतिष शिकवण्याच्या निर्णयाला त्यांनी जाहीर विरोध केला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. लमेत्र आणि नारळीकर, एक महास्फोटाचा जनक, दुसरा त्याचा अखेरपर्यंतचा विरोधक. दोघांनीही आपापल्या परंपरेने पुढे केलेली साक्ष घेतली नाही.

महास्फोट हा शब्दही थोडा फसवा आहे. आजचा सिद्धांत शून्यातून जग कसे झाले हे सांगत नाही. तप्त, दाट अवस्थेतून विश्व कसे पसरत आणि थंड होत गेले, पहिल्या काही मिनिटांत हेलियम किती बनले, सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी प्रकाश कसा मोकळा झाला, हे तो सांगतो. अगदी आरंभाच्या क्षणाकडे सरकत गेले की गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांची समीकरणे एकमेकांशी जमेनाशी होतात. तिथे भौतिकशास्त्राची वाट सध्या थांबते. त्या थांबलेल्या जागी देव बसवणारे आणि देवाला जागाच उरली नाही म्हणणारे, दोघेही सारखीच घाई करतात.

आणि श्रद्धा तरी तारीख विचारत होती का? तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी लिहून ठेवले आहे की जगाला आरंभ होता हे केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही; जग अनादि असते तरी त्याचे असणे ईश्वरावरच अवलंबून राहिले असते. अक्विनास १२७४ मध्ये गेले. परंपरेनुसार १२७५ मध्ये ज्ञानेश्वर जन्मले. ‘अमृतानुभवा’त जग हा चैतन्याचा विलास आहे. तिथे ‘केव्हा’ हा प्रश्नच उठत नाही. मीमांसक सृष्टी आणि प्रलय दोन्ही नाकारतात, वेद प्रमाण मानूनही. जैनांच्या मते लोक कोणी रचलेला नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त तर आरंभाविषयी प्रश्न विचारत जाते आणि सर्वोच्च स्थानी बसलेल्या अध्यक्षालाही हे ठाऊक असेल की नाही, या शंकेवर संपते. १९८८ च्या ‘भारत एक खोज’ मालिकेमुळे ते सूक्त वसंत देव यांच्या हिंदी रूपात घरोघरी ऐकले गेले. जो ग्रंथ ‘कदाचित त्यालाही ठाऊक नसेल’ म्हणतो, त्याच्या नावावर ‘आम्हांला सर्व ठाऊक होते’ हे वाक्य खपवणे हा त्या सूक्तावरचा अन्याय आहे, विज्ञानावरचा नंतर.

इंदापूर तालुक्यातच नीरेकाठी वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद या दिगंबर जैन उद्योगपतीने वसवलेले. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटरींची आवरणे घडतात. आषाढी वारीत तुकोबांची पालखी याच तालुक्यातून जाते, बेलवाडीला रिंगण होते. अनादि लोक मानणाऱ्या परंपरेतील मालकाच्या कारखान्यातून अग्निबाणाचे भाग निघाले, म्हणून जैन विश्वरचना सिद्ध झाली असे तेथे कोणी म्हणत नाही. आणि रिंगणात उभ्या असलेल्या वारकऱ्याच्या विठ्ठलभक्तीला विश्वाच्या वयाचा दाखला लागत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. तिने टिपलेला सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनचा संदेश २०२३ मध्ये जाहीर झाला. म्हणजे पृथ्वी बनण्याआधीच तो निघाला होता.

१,३८० कोटी हा आकडाही दगडावरची रेघ नव्हे. पार्श्वप्रारणावरून काढलेला प्रसरणाचा दर आज सुमारे ६७ येतो, सेफीड आणि स्फोटक ताऱ्यांवरून सुमारे ७३. हबलच्या ५०० पासून इथवर यायला नव्वदहून अधिक वर्षे लागली, आणि उरलेल्या सहांचे भांडण अजून मिटलेले नाही. ते मिटेल तेव्हा विश्वाचे वय कदाचित पुन्हा थोडे सरकेल. वरकुट्यात पुढच्या वर्षी एखाद्या घराची वास्तुशांत होईल, यजमान हातात पाणी घेईल आणि गुरुजी तोच पत्ता सांगतील. त्यात संवत्सराचे नाव नवे असेल आणि शकाचा आकडा एकाने वाढलेला असेल.